भोंगा न झाल्याची संध्याकाळ

माझा जन्म पेठच्या पल्याड डोंगरात एक पाडा हाय तिथला, आणि जन्माची गोष्ट अशी की आई मोहाची फुलं वेचायला गेली व्हती आणि येताना टोपलीत फुलं कमी आणि मी जास्त, असं घेऊन घरी आली. आता हे आईनंच सांगितलेलं, मी काय बघायला नव्हते, म्हणजे व्हते, पण डोळे मिटलेले व्हते. हसताय काय ताई, लिहा. तुम्ही लिहायला बसलाय म्हणून आधीच सांगून ठेवते, माझ्या बोलण्यात पीठ खरं असतं, पाणी तेवढं मी माझ्या हातानं घालते, त्याशिवाय गोळा व्हत नाय.

बाप भात लावायचा, वर उतारावर नागली, आणि दिवाळी झाली की आईबाप दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत मजुरीला, आम्ही पोरं आजाकडं. आजाला दिसायचं कमी आणि ऐकू त्याहून कमी, म्हणजे आमच्यावर लक्ष ठेवायला माणूस एकदम झकास. सकाळी भाकर खाऊन गुरांमागं जे निघायचं ते दिवे लागणीला परत. मधे काय केलं, कुठं गेलो, कुणी इचारत नव्हतं. आई घरी असली म्हणजे संध्याकाळी आम्हाला दारात मोजायची. कमी कधी भरलं नाय बघा. उलट एखादं जास्तच निघायचं, शेजारच्या पाड्यावरचं कुणीतरी खेळता खेळता आलेलं, तर आई म्हणायची असू दे, त्यालापण भाकर द्या, सकाळी जाईल ज्याचं त्याच्या घरी.

करवंदं, तोरणं, आळूची फळं, काय खाल्लं नाय ते इचारा. ओहोळातले खेकडे तर असे, की एकाची नांगी धरून आम्ही दोघी बहिणी ओढायचो आणि खेकडा आम्हाला ओढायचा. आणि वाघ. वाघ म्हणजे बिबट्या, पण आमच्याकडं त्याला वाघच म्हणतात, उगा त्याचा अपमान कशाला. तो एकदा पाणवठ्यावर समोर आला. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं, दोघंपण लाजलो. मी गुरं वळवली, त्यानं तोंड वळवलं. एवढंच. घरी सांगितलं तर आई म्हणाली, गुरं सगळी आली ना?

मग लग्न झालं आणि मी आले एकलहऱ्याला. आमचे हे तिथं थर्मलला, म्हणजे वीज बनवायच्या कारखान्यात, आधी ठेकेदाराकडं, मग कायम झाले, रेल्वेनं येणाऱ्या कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचं काम. पहिल्या दिवशी ती धुराडी बघितली आणि मला वाटलं नाशिकचे ढग हितंच तयार करून पाठवतात. खोटं नाय सांगत, वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी करडं व्हायचं आणि गच्चीवरचे पापड तळले की मीठ घालायची गरज नव्हती, राखेचीच चव. तरी मला तिथलं आवडलं काय, तर भोंगा. पाळी बदलली की भोंगा. सगळी कॉलनी त्या भोंग्यावर चालायची. भोंग्यावर बाया चहा टाकायच्या, भोंग्यावर नळाखाली हंडे लागायचे, आमच्या शेजारणीचं तान्हं भोंग्यावर रडायचं आणि कोंबडा म्हणाल तर तो बिचारा बेकारच झाला व्हता, भोंग्यापुढं त्याला कोण इचारतो. घरात घड्याळ व्हतं आमच्या, पण ते शोभेला.

मी साहेब लोकांच्या क्वार्टरमधे पोळ्या लाटायला जायची. नव्वदच्या पुढची वर्षं असतील, नुकतं केबल आलं व्हतं. काय सांगू तुम्हाला, उन्हाळ्याची सुट्टी, बाहेर गुलमोहर फुललाय, बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबतायत, आणि पोरं घरात. दार लावलेलं, पडदे ओढलेले, टीव्हीपुढं पोरं अशी मांडलेली जशी बरणीत लोणचं. देशमुख मॅडमचा एक मुलगा व्हता, ओंकार, आठ-नऊ वर्षांचा, गोरापान, इतका गोरा की भिंतीला टेकून बसला तर दिसायचा नाय. त्याला ऊन लागायचं, वारा लागायचा, धूळ लागायची. मी म्हणलं, मॅडम, याला जेवण तरी लागतं का? मॅडम हसल्या, पण दार काय उघडलं नाय.

माझी पोर मंगला मात्र बाहेर. पायाला चाकं. दहा-अकरा वर्षांची असेल, दोन पोरी आणि एक कुत्रं एवढी तिची फौज, कॉलनीच्या मागं ओहोळ हाय तो पुढं गोदावरीला मिळतो, तिकडं बाभळी, काशाचं गवत, पेरूची बाग, तिथं तिचं राज्य. मी तिच्या मागं कधी गेले नाय. ती गेली की मी पोळ्या लाटायची. लोक म्हणायचे काळजी नाय वाटत? काळजी वाटते की, पण काळजी घरात बसून करायची असते, पोरीच्या मागं फिरून नाय.

मी पण एकदम मोकाट नव्हतं सोडलं बरं का. आमच्या डोंगरातली रीत घालून दिली व्हती तिला. गुरांमागं गुराखी चालतो तसं सगळ्यात मोठ्यानं शेवटी चालायचं, सगळ्यात लहानानं पुढं, म्हणजे लहानाच्या पायानं सगळी चालतात आणि मागं कुणी राहत नाय. पाणी घोट्याच्या वर आलं की माघारी. थर्मलची राख सोडतात त्या बंधाऱ्याकडं बघायचंसुद्धा नाय, ती राख वरून जमिनीसारखी दिसते आणि पाय ठेवला की गिळते. आणि भोंगा. संध्याकाळचा भोंगा झाला की घर. भोंग्याआधी घरी यायचं नाय, मला काम असतं, आणि भोंग्यानंतर बाहेर राहायचं नाय.

हळूहळू दुसरी पोरं तिच्या मागं लागली. आणि मग मी देशमुख मॅडमला धरलं. रोज पोळी लाटता लाटता एक गोष्ट. एकदा सांगितलं, मॅडम, आमच्याकडं एका वाण्यानं पोर दारं लावून वाढवलं, मोठं झालं तर त्याची सावलीच पडेना. एकदा सांगितलं, झाडावर न चढलेल्या पोराची उंची मनगटापासून खुंटते. मॅडम बीएस्सी शिकलेल्या, त्यांना का कळत नव्हतं? त्या म्हणायच्या, मावशी, तुम्ही ना, थापा मारायला जागा तरी ठेवा. पण एक दिवस ओंकारच दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, मला सावली पडते का बघा ना. तेव्हा मॅडमचा चेहरा बघायला पाहिजे व्हता. दुसऱ्या दिवशी त्याला टोपी घातली, गळ्यात पाण्याची बाटली, पायात बूट मोजे, तोंडाला पावडर, आणि सोडलं एकदाचं. गडी पहिल्यांदा ओहोळ बघून मंगलाला म्हणाला, याचा नळ कुठं असतो बंद करायला?

इतकं सगळं चांगलं चाललेलं, पण माझ्या सासूला ते खुपत व्हतं. सासूपण आमच्याच डोंगरातली. लहानपणी बैलाचं शेपूट धरून भर पुरात दमणगंगा पार केलेली बाई, हे तीच सांगायची, आणि मी तिच्याकडूनच पाणी घालायला शिकले. पण क्वार्टरमधे राहायला आल्यावर ती कॉलनीवाली झाली. म्हणायची, पोर आता मोठी व्हायला लागली, पेरूच्या झाडावर बसलेली दिसते, लोक काय म्हणतील, जंगलातून आली आणि जंगलातच राहिली म्हणतील. आणि मग ठरलेलं पालुपद, तिला नांदगावला पाठवा.

नांदगावला माझी नणंद. तिचा नवरा रेल्वेत, घर लय नीटनेटकं, माणसं वाईट नाय, पण नणंद अशी की खिडकीपण कामाशिवाय उघडायची नाय. तिला पोरबाळ नव्हतं, मंगलाला शिकवते, भरतकाम, रांगोळी, सगळं वळण लावते म्हणायची. आमचे हे आईचं ऐकणारे. त्यांनी त्या सुट्टीच्या सुरवातीलाच सांगितलं, बघ, एक जरी तक्रार आली कॉलनीतून, एक जरी, तर मंगला नांदगावला, शाळेत नाव तिकडंच घालायचं. मी म्हणलं बरं. तोंडानं बरं म्हणलं. मंगला दाराआड उभी राहून ऐकत व्हती. ती पोर त्या दिवशी जेवली नाय. खोटं नाय, मी एवढ्या गोष्टी सांगते पण यात पाणी नाय, ती जेवली नाय.

आणि मग तो दिवस. मे महिना. पोरं दुपार कलल्यावर गेली, ओंकार, मंगला, आणखी तीनचार, सगळ्यात पुढं एक नाकातून शेंबूड गळणारं पाच वर्षांचं पिल्लू. मी साहेबांच्या तिथलं उरकून घरी आले आणि निवडत बसले तांदूळ. निवडता निवडता वाटायला लागलं, आज दुपार जरा लांबली. पण भोंगा झाला नव्हता, म्हणजे दुपारच. शेजारीण दारात येऊन म्हणाली, आज चहाची तल्लफ कशी आली नाय गं? अहो, सगळ्या कॉलनीला चहाची तल्लफ आली नव्हती! नळाला पाणी येऊन गेलं, हंडे रिकामे. तान्हं रडलं नाय. कुत्री रस्त्यात उभी राहून एकमेकांकडं बघत व्हती. सूर्य बिचारा किती वेळ थांबणार, शेवटी बुडाला, आणि रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा सगळ्या बाया एकदम दारात.

तेवढ्यात आमचे हे सायकलवरून आले. मी म्हणलं, भोंग्याआधी कसे सुटलात? ते म्हणाले, भोंगा कुठला, भोंगा दुरुस्तीला खाली काढलाय, सकाळीच सांगितलं आम्हाला. मी म्हणलं, मला का नाय सांगितलं? तर म्हणतात, त्यात तुला काय सांगायचं, तू काय पाळीवर जातेस?

काय बोलावं या माणसाला. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. तेवढ्यात देशमुख मॅडम गाऊनवर ओढणी घेऊन पळत आल्या, मावशी, ओंकार कुठाय? मावशी, ओंकार? मी म्हणलं येतील मॅडम, काय नाय, माझी मंगला आहे सोबत. हसतच म्हणलं. पोरं घाबरणार नाय हे मला माहीत व्हतं, पण ओहोळ, साप, तो राखेचा बंधारा, सगळं एकदम डोळ्यापुढं उभं राहिलं. डोंगरात वाघापुढं नाय घाबरले ती मी कॉलनीत लाईटखाली उभी राहून घाबरले. मागं वळून बघते तर सासू आत ट्रंकेजवळ बसलेली, मंगलाचे फ्रॉक घडी करून पिशवीत भरत व्हती.

मग निघाली वरात. पुढं आमचे हे बॅटरी घेऊन, मागं मॅडम उंच टाचांच्या सँडलीत, मागं मी, मागं चार बाया, सगळ्या एकदम ओरडतायत, ओंकाऽर, मंगलाऽ, त्या आवाजानं तीन गावचे साप गाव सोडून गेले असतील. आमच्या ह्यांनी वाट सोडून मधूनच घेतलं, लवकर पोचू म्हणून. पुरुष माणूस, वाट इचारणार कशाला. पाच-दहा पावलं गेले असतील, मॅडमची ओढणी बाभळीला अडकली, ओढणी सोडवायला गेल्या तर केस अडकले, केस सोडवायला दुसरी गेली तर तिचा पदर. चौघी जणी एका बाभळीला अशा अडकल्या जशा वडाला गुंडाळलेला दोरा. आणि आमचे हे, आलो आलो म्हणत मागं फिरले ते थेट ओहोळाच्या चिखलात, गुडघ्यापर्यंत. एक पाय काढला की दुसरा आत. बॅटरी गेली चिखलात, चिखलातून उजेड वर येतोय, म्हशी बसतात तसलं डबकं, आणि मधे आमचे हे. तसल्या वेळेलापण मला हसू आलं, काय करू.

आणि पलीकडून गाणं ऐकू आलं. पोरांचं. बेसूर, मजेत. सगळ्यात पुढं ते शेंबडं पिल्लू हातात काठी घेऊन, त्याच्या मागं एकेक, ओंकारची टोपी नाय, बूट गळ्यात लटकवलेले, पाण्याच्या बाटलीत खेकडा, आणि सगळ्यात शेवटी माझी मंगला. माझ्यापुढं येऊन थांबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणते कशी, आई, तुम्ही सगळे इकडून कशाला आलात? इथं काटे असतात. वाट तिकडून आहे.

मी म्हणलं, बये, अंधार पडला, कळत नाय? तर ओंकार मधेच म्हणाला, मावशी, आम्ही भोंग्याची वाट बघत होतो, तुम्हीच म्हणालात ना भोंग्याआधी यायचं नाही. आम्हाला वाटलं आज मोठ्या साहेबांनी दिवस वाढवून दिला. मम्मी, आजचा दिवस इतका मोठा होता ना! आणि मॅडम, केस बाभळीत, डोळ्यात पाणी, त्या हसायला लागल्या. मग मंगला म्हणाली, हा ओंकार निघूच देईना, म्हणे नियम म्हणजे नियम. शेवटी मीच त्याला म्हणाले, बगळे घरी गेले बघ सगळे, त्यांना कुठं भोंगा असतो, चला.

मग पोरांनीच आम्हाला सोडवलं. एकेक केस, एकेक काटा. आमच्या ह्यांना मंगलानं सांगितलं, आप्पा, पाय ओढू नका, पाय हलवा, हळूहळू पाणी शिरू द्या, मग काढा. म्हशीला सांगावं तसं. निघाले. एक चप्पल तिथंच राहिली, ती अजून तिथंच असेल, तिला आता झाड फुटलं असेल. आणि मग आम्हाला रांगेत लावलं तिनं. सगळ्यात लहान पुढं, मग पोरं, मग बाया, आणि तिचे आप्पा मधे, ती शेवटी. माझ्या नवऱ्याला मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकताना बघितलं.

घरी आलो. सासू दारात, पिशवी भरून शेजारी ठेवलेली. मंगलाचा चेहरा पडला. ती पिशवीकडं बघते आणि आप्पांकडं बघते, आणि माझ्याकडं बघतच नाय. सासू म्हणाली, मग उद्याच्या गाडीनं का परवा? आमचे हे ओट्यावर बसले, चिखलाचा पाय पुढं केला. मग म्हणाले, आई, मी तिला शोधायला गेलतो. तिनं मला घरी आणलं. नांदगावला पाठवायचंच असलं तर मला पाठव.

सासूनं पिशवी पुढ्यात ओढली, एकेक फ्रॉक काढून झटकला आणि परत ट्रंकेत ठेवला. शेवटचा फ्रॉक ठेवताना मंगलाला म्हणाली, बगळ्यांच्या मागून आलीस व्हय गं? आम्ही बगळ्यांच्या आधी यायचो. एवढं बोलून तिला ताट वाढलं. आणि त्या दिवशी माझी पोर अशी जेवली, अशी जेवली, की शेजारून भाकरी मागाव्या लागल्या.

मॅडमची तक्रार? अहो, दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं, मी म्हणलं झालं आता. तर मॅडम, पायात साध्या चपला. म्हणतात, मावशी, तो खेकडा बादलीत आहे, त्याला सोडायला जायचंय, ओंकार म्हणतो मला वाट माहीत नाही, मंगलाला पाठवता का? पुढं त्या सुट्टीत कॉलनीतलं एक पोर घरात राहिलं नाय. मी सांगते म्हणून नाय, केबलवाला पैसे मागायला आला तर म्हणे, या कॉलनीत टीव्ही बघतं तरी कोण.

आता त्या सगळ्याला बरीच वर्षं झाली. सासू गेली, हे रिटायर झाले, कॉलनी अर्धी रिकामी झाली. मंगला नर्स झाली, लग्न झालं, जेल रोडला फ्लॅट घेतला त्यांनी, आम्ही दोघं तिच्याजवळच असतो. तिला एक मुलगा, सहा वर्षांचा. आणि काय सांगू ताई, तीच मंगला, जी ओहोळ पालथा घालायची, ती पोराला म्हणते गेटच्या बाहेर नको, खाली नको, जिन्यात नको. ड्यूटीवरून फोन करून इचारते, आई, तो कुठाय? मी म्हणते घरातच हाय. आणि तो असतो खाली. मी काय खोटं बोलत नाय, खाली म्हणजे घराच्या खालीच ना. तिचं पण बरोबर हाय, रस्त्यावर गाड्या किती, आमच्या वेळेला गुरंढोरं मधे आली तरी ती वळून जायची, गाड्या वळत नाय. जमाना असतो एकेकाचा. मी आता भांडत नाय.

पण मागच्या रविवारी ती घरी व्हती आणि पोरगं रडत वर आलं, गुडघा फुटलेला, कोपर खरचटलेलं. मी म्हणलं झालं, आज माझी धडगत नाय. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की वाघ परवडला. त्याला मोरीत नेलं, गुडघा धुतला, नर्स ना ती, कापूस लावला, आणि लावता लावता इचारलं, कुठून पडलास? पोरगं मुसमुसत म्हणालं, मागच्या शेवग्याच्या झाडावरून. मंगलाचा हात थांबला. मी डोळे मिटून घेतले. तर ती म्हणते, अरे वेड्या, शेवग्यावर चढतं का कुणी? ते मोडकं झाड, फांदी हातात येते. भिंतीपलीकडं एवढी चिंच आहे ती दिसली नाही तुला? चल, दाखवते.

आणि गेली बघा त्याला घेऊन, पायात स्लीपरसुद्धा न घालता. मी गॅलरीतून बघत व्हते. देव त्या चिंचेला शंभर वर्षं आयुष्य देवो, आणि त्या भिंतवाल्याला भिंत थोडी ठेंगणी बांधायची अक्कल.